गिलाव्याखालचे घर

'घर पाहावे बांधून' ही म्हण ज्या काळात रूढ झाली त्या काळी घर बांधणारा आणि घरात राहणारा हे दोघे बहुधा एकच असत. चुन्याची घाणी पुरेशी फिरली की नाही, जोत्याचा दगड नीट बसला की नाही, तुळईचे लाकूड वाळलेले आहे की ओले, हे घरधनी स्वतः उभा राहून पाहत असे. आज शहरातला मध्यमवर्गीय माणूस घर बांधत नाही. तो ते विकत घेतो. बहुतेक वेळा ते उभे राहण्यापूर्वीच घेतो. आयुष्याची कमाई आणि पुढच्या वीस वर्षांच्या पगारावरचे कर्ज तो ज्या वस्तूत घालतो, ती वस्तू तयार होताना त्याने पाहिलेली नसते, आणि तयार झाल्यावर पाहण्यासारखी उरलेली नसते. त्याला दिसतो तो गिलावा, रंग आणि फरशी. घराचा भार ज्याच्यावर आहे ते सारे या तिन्हींच्या आड गेलेले असते. एवढा मोठा व्यवहार एवढ्या आंधळेपणाने दुसऱ्या कोणत्याही बाबतीत आपण करीत नाही, आणि म्हणूनच हा विषय आज पहिल्या पानावर मांडणे आम्हांला आवश्यक वाटते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये, गणेश चतुर्थीच्या आदल्या मध्यरात्री, विरारमधील रमाबाई अपार्टमेंट या इमारतीचा एक भाग कोसळला आणि १७ माणसे प्राणांस मुकली. अशी दुर्घटना घडली की नेहमीची वाक्ये तोंडपाठ असल्यासारखी बाहेर पडतात. कोणी म्हणतो, इमारत जुनी होती. कोणी म्हणतो, अनधिकृत होती. कोणी सारा दोष खाजगी बिल्डरच्या लोभावर टाकून मोकळा होतो. या तिन्ही स्पष्टीकरणांत तथ्य आहे, परंतु एकाही स्पष्टीकरणाने प्रश्न संपत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे कोसळलेली इमारत जुनी नव्हती. ती पुरती बांधूनही झाली नव्हती, आणि तिने ७४ बळी घेतले. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला मुंबईत डॉकयार्ड रोडला जी इमारत पडून ६१ माणसे दगावली, ती कोणा भुरट्या बिल्डरची नव्हती. ती खुद्द महानगरपालिकेच्या मालकीची होती, तीत पालिकेचेच कर्मचारी राहत होते आणि तिने वयाची चाळिशीही गाठलेली नव्हती. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत १६ जणांसह जमीनदोस्त झाली, तेव्हा तिला दहा वर्षेही पुरी झालेली नव्हती. काँक्रीटची इमारत नीट बांधली आणि निगा राखली तर साठ-सत्तर वर्षे सहज उभी राहावी. ती दहाव्या किंवा तिसाव्या वर्षी पडते, याचा अर्थ तिच्या मरणाचे बीज बहुधा तिच्या जन्मातच पडलेले असते.

हे बीज कसे पडते, हे समजून घेण्यास अभियंता असण्याची गरज नाही. काँक्रीट म्हणजे खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी. यांतली सर्वांत स्वस्त वस्तू पाणी, आणि सर्वांत घातकही तीच. भारतीय मानकांच्या ४५६ क्रमांकाच्या संहितेच्या २००० सालच्या आवृत्तीने समुद्रकिनाऱ्यासारख्या खडतर परिस्थितीसाठी पाण्याचे वजन सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पटीपेक्षा अधिक असू नये, असे घालून दिले आहे. म्हणजे ५० किलोच्या एका पोत्याला, वाळूतला ओलावा धरून, साडेबावीस लिटर. असे काँक्रीट घट्ट असते. सळयांच्या दाट जाळीत ते सहजी उतरत नाही. व्हायब्रेटर नीट धरावा लागतो आणि माणसांचे हात दुखतात. त्यावरचा सोपा उपाय म्हणजे आणखी एक बादली पाणी. काँक्रीट लगेच पळीवाढे होते, काम भराभर उरकते आणि सारे खूश होतात. पण ते जादा पाणी पुढे उडून जाते, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात, आणि काँक्रीटचे बळ एक-तृतीयांशाने किंवा त्याहूनही अधिक घटू शकते. वास्तविक पाणी न वाढवता काँक्रीट वाहते करणारी रसायने बाजारात सर्रास मिळतात. तरीही बादली ओतली जाते, कारण ती फुकट असते आणि ती ओतताना पाहणारा कोणी नसतो.

दुसरी गोष्ट सळईवरच्या आवरणाची. सळईच्या बाहेर काँक्रीटचा जो थर असतो, तोच तिचे हवापाण्यापासून रक्षण करतो. किनाऱ्यावरच्या खडतर परिस्थितीसाठी हाच संहिताग्रंथ ४५ मिलिमीटरचे आवरण सांगतो. हे अंतर राखण्यासाठी सळयांखाली छोटे ठोकळे ठेवावे लागतात. त्यांना साइटवर कव्हर ब्लॉक म्हणतात. ते ठेवायचे राहिले, अथवा ठेवल्यावर माणसे जाळीवरून चालल्याने सरकले, की सळई साच्याच्या फळीला जाऊन टेकते. साचा काढल्यावर दिसणारी ही चूक गिलाव्याने झाकता येते. पुढे मुंबईच्या खाऱ्या हवेने आणि कोकणच्या पावसाने ती सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, आतून काँक्रीट फोडतो, आणि एके दिवशी छताचा पापुद्रा जेवणाच्या ताटात पडतो. घरमालक रंगाऱ्याला बोलावतो. वास्तविक त्याने ज्याला जाब विचारायला हवा, त्याने एव्हाना आणखी चार इमारती विकलेल्या असतात.

तिसरी गोष्ट पाणी मारण्याची. मिसळताना पाणी कमी हवे, आणि भरून झाल्यावर मात्र भरपूर हवे, हा काँक्रीटचा स्वभाव आहे. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस ओले ठेवावे. हल्ली बहुतांशी वापरल्या जाणाऱ्या, राख किंवा भट्टीची मळी मिसळलेल्या सिमेंटला उष्ण व कोरड्या हवेत किमान १० दिवस, आणि शक्यतो १४ दिवस ओले ठेवावे, असे संहिता सांगते. स्लॅबवर आळी करून पाणी साठवणे सोपे असते. उभ्या खांबाला गोणपाट गुंडाळून ते दिवसातून अनेकदा भिजवणे कष्टाचे असते. म्हणून खांब तहानलेले राहतात, आणि इमारतीचा भार तर खांबांवरच असतो. मे महिन्यात, टँकरच्या पाण्यावर चाललेल्या साइटवर त्या खांबांची काय दशा होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

भूकंपाचे नाव काढले की आपण ते दूरच्या प्रदेशांचे संकट समजतो. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाचा हादरा मुंबई-पुण्यापर्यंत जाणवला होता, याचा आपल्याला विसर पडला आहे. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छात भूकंप झाला तेव्हा केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडलेला होता. वर भिंतींनी भरलेले जड मजले आणि खाली नुसते खांब. खांबातल्या रिंगांची टोके आत, १३५ अंशांत वळवायची की कशीतरी काटकोनात सोडायची, एवढ्या फरकावर तो खांब हादऱ्यात तग धरतो की उघडा पडतो, हे ठरते. हा फरक आकृतीत असतो, संहितेत असतो. सळई वाकवणाऱ्याच्या हातात असेलच याची हमी कोणी देत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा दोष त्या सळई वाकवणाऱ्याचा नाही. बिल्डरकडून मुख्य ठेकेदार, त्याच्याकडून पोटठेकेदार, त्याच्याकडून मुकादम आणि मुकादमाकडून मजूर, अशी ही उतरंड आहे. प्रत्येक पायरीवर कोणीतरी आपला वाटा काढून घेतो आणि घाईचा बोजा खाली ढकलतो. जो माणूस अखेर काँक्रीट भरतो, तो बहुधा दूरच्या जिल्ह्यातून वा परप्रांतातून आलेला, चौरस फुटांच्या हिशेबाने मजुरी मिळणारा आणि कोणतेही रीतसर शिक्षण न मिळालेला असतो. सळई कोठे व का ठेवायची हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. आता उंच मनोऱ्यांत ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच भरण्याची पद्धत आली आहे. तीत आठवड्या-दहा दिवसांत मजला उभा राहतो. पद्धत वाईट नाही. किंबहुना शिस्तीने राबवली तर काम अधिक नेमके होते. पण जितका वेग अधिक, तितकी देखरेखीची गरज अधिक, आणि आपल्याकडे नेमका वेग वाढतो तेव्हाच देखरेख पातळ होते.

मग कायदा काय करतो? कायदे नाहीत असे कोणी म्हणू नये. सदनिका खरेदीदाराच्या रक्षणासाठी महाराष्ट्राने १९६३ सालीच मोफा नावाने ओळखला जाणारा कायदा केला. १९६६ साली प्रादेशिक व नगररचनेचा कायदा आला. २०१६ साली केंद्राने रेरा केला आणि महाराष्ट्राने त्याची अंमलबजावणी इतर राज्यांच्या मानाने तत्परतेने केली, हे श्रेय आम्ही मनःपूर्वक देतो. प्रकल्पाचे ७० टक्के पैसे स्वतंत्र खात्यात ठेवण्याच्या बंधनामुळे एका इमारतीचे पैसे दुसऱ्या जमिनीत घालण्याच्या प्रवृत्तीस आळा बसला. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत रचनेतला किंवा कामाच्या दर्जातला दोष आढळल्यास तो बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त केला पाहिजे, असे कलम १४ सांगते. हे सारे स्वागतार्ह आहे.

परंतु या सर्व कायद्यांचा रोख पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. ते वेळेचे, पैशाचे, क्षेत्रफळाचे आणि मालकीहक्काचे रक्षण करतात. काँक्रीटचे रक्षण ते केवळ दोष उघडकीस आल्यानंतर करतात. पाच वर्षांची मुदत ही काँक्रीटच्या दृष्टीने फार थोडी आहे; कमी आवरणाची सळई गंजून छत फुटायला बहुधा त्याहून अधिक काळ लागतो, आणि तोवर बिल्डरची जबाबदारी संपलेली असते. शिवाय ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा ८ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पांना रेराची नोंदणीच लागत नाही. आणि नोंदणी असली तरी ती कागदाची असते. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी पालिकेचे बनावट परवाने दाखवून रेराची नोंदणी मिळवली, आणि २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयास त्या पाडण्याचा आदेश द्यावा लागला. ज्यांनी नोंदणी क्रमांक पाहून विश्वासाने घरे घेतली त्या कुटुंबांचा अपराध कोणता? कागद पाहा, असे त्यांना आपणच शिकवले होते. त्यांनी कागद पाहिला.

पालिकेची तपासणीही याच जातीची आहे. मजले किती, मोकळी जागा किती, चटई निर्देशांक ओलांडला की नाही, हे ती मोजते. खांबातल्या सळया मोजणे हे तिने परवानाधारक संरचना अभियंत्याच्या सहीवर सोडले आहे. तो अभियंता कोण नेमतो? बिल्डर. त्याचे मानधन कोण देतो? बिल्डर. पुढचे काम त्याला कोणाकडून मिळणार? पुन्हा बिल्डरकडूनच. अभियंत्यांच्या व्यवसायात सचोटीची माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांचा अवमान करण्याचा आमचा यत्किंचितही हेतू नाही. परंतु ज्या व्यवस्थेत परीक्षकाचा पगार विद्यार्थ्याच्या हाती असतो, त्या व्यवस्थेत सचोटी हा नियम राहत नाही. तो एखाद्याचा व्यक्तिगत पराक्रम ठरतो. शहराची सुरक्षितता अशा पराक्रमांवर सोडता येत नाही.

या विसंगतीचे सर्वांत बोलके उदाहरण खरेदीदाराच्या हप्त्यांत सापडते. रेराच्या नमुना करारानुसार जोते पुरे होईपर्यंत किमतीच्या ४५ टक्क्यांपर्यंत आणि सगळे स्लॅब होईपर्यंत ७० टक्क्यांपर्यंत रक्कम मागता येते. स्लॅब पडला की दुसऱ्या दिवशी पत्र येते, बँक पैसे सोडते. त्या स्लॅबचे काँक्रीट ठरल्या बळाचे आहे की नाही, हे मात्र १५ सेंटिमीटरच्या ठोकळ्यांवर २८ दिवसांनी होणाऱ्या चाचणीत कळते. त्या चाचणीचा निकाल हप्त्याच्या पत्रासोबत जोडण्याची रीत नाही. म्हणजे पैसे स्लॅब पडल्याचे दिले जातात, स्लॅब चांगला असल्याचे नव्हे.

इतर देशांनी हा प्रश्न कसा हाताळला, हे पाहणे उपयुक्त ठरेल. फ्रान्सने १९७८ च्या कायद्याने बांधकामातल्या गंभीर दोषांची जबाबदारी बांधणाऱ्यांवर दहा वर्षे ठेवली आणि तिचा विमा सक्तीचा केला. विमा कंपनीला स्वतःच्या पैशाची काळजी असल्यामुळे काम नीट व्हावे यात तिचाही स्वार्थ गुंतला. लंडनमध्ये १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसे मेली. त्यानंतर ब्रिटनने २०२२ साली कायदा करून उंच निवासी इमारतींचे काम सुरू होण्यापूर्वी आणि लोक राहायला येण्यापूर्वी स्वतंत्र नियामकाची संमती आवश्यक केली, आणि इमारतीची संपूर्ण माहिती जन्मापासून जतन करण्याचे बंधन घातले. या व्यवस्थेत मंजुरीस विलंब होतो अशी तक्रार तेथेही झाली, हे आम्ही लपवू इच्छीत नाही. पण विलंबाने कोणी ढिगाऱ्याखाली गाडले जात नाही.

आमच्या सूचना मोजक्या आहेत आणि त्यांसाठी नवे महामंडळ काढण्याची गरज नाही. पहिली, जे काम झाकले जाणार आहे ते झाकण्यापूर्वी त्रयस्थाने पाहिले पाहिजे. पाया भरण्यापूर्वी आणि प्रत्येक स्लॅबची सळई बांधून झाल्यावर, काँक्रीट ओतण्याआधी, ही तपासणी व्हावी. हा तपासनीस बिल्डरने निवडू नये. नियामकाने यादीतून चिठ्ठी टाकून तो नेमावा, त्याचे मानधन प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यातून द्यावे, आणि त्याच्या सहीस कायदेशीर जबाबदारी असावी. दुसरी, प्रत्येक स्लॅबचा हप्ता दोन भागांत विभागावा. त्यातला एक भाग २८ दिवसांच्या चाचणीचा निकाल खरेदीदारांना व बँकेला कळवल्यानंतरच मागता यावा. तिसरी, रचनेतल्या दोषाची जबाबदारी पाचऐवजी किमान दहा वर्षे ठेवावी आणि तिला विम्याची जोड द्यावी. रेराच्या कलम १६ मध्ये विम्याची तरतूद आहेच. सरकारने अधिसूचनेद्वारे तिला संपूर्ण अर्थ द्यावा. चौथी, इमारतीचे संरचना-नकाशे आणि तपासणीचे सारे अहवाल संस्थेच्या दप्तरात आलेच पाहिजेत. ते न दिल्यास भोगवटा दाखला अडवावा.

यावर आक्षेप येतील. घरे महाग होतील, असे म्हटले जाईल. ज्या इमारतीच्या प्रवेशद्वारावरच्या संगमरवराला आणि जाहिरातीतल्या पोहण्याच्या तलावाला पैसे कमी पडत नाहीत, तिला चार ठोकळे फोडून पाहण्याचा खर्च जड जाईल, हे आम्ही मानीत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तपासनीस वाढवले की चिरीमिरीची आणखी एक खिडकी उघडते, हा आपला अनुभव आहे. म्हणूनच आम्ही तपासणी गुप्त फायलीत नव्हे, तर छायाचित्रांसह आणि सहीसह खरेदीदारांपुढे उघडी ठेवावी असे म्हणतो. ज्या सहीखाली पुढे दहा वर्षे उभे राहावे लागणार आहे, ती सही विकताना माणूस एकदा तरी विचार करील.

शेवटी थोडे आपल्याविषयी. सरकारला आणि बिल्डरला दोष देऊन मध्यमवर्गाने हात झटकणे न्यायाचे होणार नाही. नमुना सदनिका पाहायला गेल्यावर आपण नळ कोणत्या कंपनीचे आहेत हे विचारतो. काँक्रीट कोणत्या प्रतीचे आहे हे विचारीत नाही. राहायला आल्यावर हॉल मोठा करण्यासाठी भिंत पाडतो, आणि त्या भिंतीत खांब होता की काय हे गवंड्याला विचारतो. गळणाऱ्या गच्चीवर जुना थर न काढता कोब्याचा नवा थर चढवतो आणि छताचा भार वाढवतो. १५ ते ३० वर्षांच्या इमारतींची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्यांची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी, असे गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत नमूद आहे. वार्षिक सभेत हा विषय निघाला की खर्चाच्या नावाने तो पुढल्या वर्षावर जातो. पुनर्विकासात किती चौरस फूट जादा मिळणार, यावर मात्र रात्री अकरापर्यंत चर्चा चालते. नव्या इमारतीचे काँक्रीट कोण तपासणार, असा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच कोणी विचारतो. आणि विचारलाच तर इतर सभासद त्याच्याकडे कामात खोडा घालणारा माणूस म्हणून पाहतात.

तो माणूस खोडा घालीत नसतो. पूर्वीच्या घरधन्याचे काम तो करीत असतो. आज एकट्यादुकट्याला साइटवर उभे राहून चुन्याची घाणी पाहता येणार नाही, हे खरे. म्हणूनच त्याच्या वतीने उभे राहणारा माणूस कायद्याने नेमला पाहिजे. विरार, महाड, डॉकयार्ड रोड आणि शिळफाटा येथे जे गेले ते आता परत येणार नाहीत. पण आज या घटकेला राज्यात कोठेतरी एखाद्या स्लॅबची सळई बांधून झालेली असेल आणि उद्या सकाळी तिच्यावर काँक्रीट पडेल. ते पडण्यापूर्वी ती सळई बिल्डरखेरीज आणखी कोणी पाहणार आहे काय, या एका प्रश्नाचे उत्तर सरकारने द्यावे.